सूर्याला डाग कसे पडतात?

बालमित्रांनो, हिवाळ्यात नंदुरबारला गेलात तर शहराबाहेरची मैदानंच्या मैदानं लालेलाल झालेली दिसतात. शेतातून आलेली ओली मिरची तिथे उन्हात पसरून वाळवतात. या जागांना तिकडे ‘पथारी’ म्हणतात. चांगलं कडकडीत ऊन पडलं की मिरची वाळते, तिला भाव मिळतो. मध्येच अवकाळी पावसाची सर आली की सगळ्यांची त्रेधातिरपीट उडते. आणि जूनमध्ये पाऊस वेळेवर आला नाही तर पुढच्या वर्षी पथारीवर पसरायला मिरचीच नसते! म्हणजे ऊन हवं तेव्हा ऊन आणि पाऊस हवा तेव्हा पाऊस, यावर या जिल्ह्याचं सगळं गणित अवलंबून आहे. ज्या तापी नदीकाठी प्रकाशे आणि सारंगखेडा ही गावं वसली आहेत, ती तापीसुद्धा पुराणातल्या कथेप्रमाणे सूर्याचीच मुलगी.

तर आज आपण या तापीच्या वडिलांविषयी बोलू या. त्यांच्या तेजस्वी तोंडावर चक्क काळे डाग असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? शास्त्रात त्यांना ‘सौरडाग’ म्हणतात. एखादा मोठा डाग आपली अख्खी पृथ्वी सहज गिळून टाकेल, इतका मोठा असतो!

डागांची हजेरी

चीनमधल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच सूर्यावरच्या डागांच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. गॅलिलिओनं १६१२ साली दुर्बिणीतून पडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवरून रोजच्या रोज डागांची चित्रं काढली. डाग रोज थोडे थोडे सरकत होते. यावरून सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे त्यानं ओळखलं.

पुढची गंमत जर्मनीतल्या एका औषधविक्याची. त्याचं नाव हाइनरिश श्वाबे. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ एखादा ग्रह लपला असेल, तर सूर्यासमोरून जाताना तो काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, असं त्याला वाटे. मग त्या ठिपक्याची डागाशी गल्लत होऊ नये म्हणून १८२६ पासून त्यानं आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी डागांची मोजदाद सुरू केली. ग्रह काही सापडला नाही. पण सतरा वर्षांच्या वहीतून दुसरंच काही तरी हाती लागलं. डाग काही वर्षं वाढत जातात, मग कमी कमी होत जवळजवळ नाहीसे होतात आणि पुन्हा वाढू लागतात! १८४३ साली त्यानं हे जाहीर केलं. आज आपल्याला माहीत आहे, की हे चक्र सरासरी ११ वर्षांचं असतं.

डाग मोजले, तर पाऊस कळेल का?

आता आपल्या देशात येऊ. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं अन्नावाचून मेली. तेव्हा काही शास्त्रज्ञांच्या मनात आलं, की पाऊस सूर्यामुळे पडतो आणि सूर्यावरचे डाग अकरा वर्षांनी कमी-जास्त होतात. मग डागांचा आणि पावसाचा काही संबंध असेल का? असला तर दुष्काळ येणार हे आधीच कळेल आणि धान्याची तजवीज करता येईल! इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर हे या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते होते. तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या डोंगरावर १८९९ साली सौर वेधशाळा उभी राहिली, त्यामागे ही आशाही होती.

आपल्या महाराष्ट्रातही सूर्याचा अभ्यास सुरू झाला होता बरं का! पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या मदतीनं त्यांनी वेधशाळा उभारली. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून टिपलं. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिथली उपकरणं कोडाईकनालला गेली.

मग पावसाचं कोडं सुटलं का? त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी डाग पडतात तरी कसे, ते पाहू.

वरणाचं पातेलं

चुलीवर वरण रटरटताना पाहिलंय ना? तळाशी तापलेलं वरण वर येतं, वर जरा निवतं आणि कडेनं पुन्हा खाली जातं. सूर्याच्या बाहेरच्या भागात अगदी हेच चाललेलं असतं. पृष्ठभागापासून आत सुमारे दोन लाख किलोमीटरपर्यंत तापलेला वायू सतत खालीवर उकळत असतो. खालची उष्णता तोच वर आणून पोचवतो. दुर्बिणीतून पाहिलं तर सूर्याचा पृष्ठभाग भाताच्या शितांसारखा दाणेदार दिसतो. हा एकेक दाणा म्हणजे वर आलेला एक बुडबुडाच. पण त्याची रुंदी साधारण हजार किलोमीटर! म्हणजे पश्चिमेला नंदुरबारपासून पूर्वेला गडचिरोलीपर्यंतचा महाराष्ट्र एका दाण्यात मावेल. आणि हा दाणा टिकतो किती? जेमतेम दहा मिनिटं.

पोट पुढे, डोकं मागे

सूर्य स्वतःभोवती फिरतो, पण पृथ्वीसारखा नव्हे. पृथ्वी घट्ट आहे. तिच्यावरचं नंदुरबार आणि नागपूर एकाच वेळात एक फेरी पुरी करतात. सूर्य पडला वायूचा गोळा. त्याचं पोट, म्हणजे विषुववृत्ताजवळचा भाग, सुमारे २५ दिवसांत एक फेरी मारतो. ध्रुवांजवळच्या भागाला मात्र सुमारे ३५ दिवस लागतात. रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं डागांच्या सरकण्यावरून १८६० च्या सुमारास हे दाखवून दिलं. तापीचं पाणीसुद्धा मधल्या धारेत वेगानं धावतं आणि काठाशी रेंगाळतं, तसंच काहीसं हे.

जरा हिशोब करून पाहा. पंचवीस आणि पस्तीस दिवसांच्या या शर्यतीत साधारण तीन महिन्यांत पोट ध्रुवाच्या एक अख्खी फेरी पुढे निघून जातं.

सायकलचा डायनामो

आता येतं चुंबकत्व. सायकलच्या डायनामोत चुंबक आणि तारेचं वेटोळं यांपैकी एक फिरलं की वीज तयार होते आणि दिवा लागतो. वीज आणि चुंबक ही अशी जुळी भावंडं आहेत. एक हललं की दुसरं जागं होतं. सूर्यातला वायू इतका तापलेला असतो, की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला ‘प्लाझ्मा’ म्हणतात आणि त्यातून वीज सहज वाहते. हा प्लाझ्मा उकळतो आहे, फिरतो आहे. म्हणजे सूर्य हा स्वतःच एक अवाढव्य डायनामो झाला!

या प्लाझ्मात चुंबकीय रेषा जणू गोठून बसलेल्या असतात. प्लाझ्मा जाईल तिकडे त्या ओढल्या जातात. एक मडकं डोळ्यांसमोर आणा. त्याच्या तोंडापासून बुडापर्यंत उभे रबरी दोरे ताणून बसवले आहेत. आता मडक्याचं पोट भराभर फिरू लागलं आणि तोंड व बूड मात्र हळूहळू फिरताहेत, तर काय होईल? उभे दोरे पोटाकडे ओढले जातील, तिरके होतील आणि शेवटी पोटाभोवती आडवे गुंडाळले जातील. गुंडाळताना ताणही वाढत जाईल. सूर्याच्या आत नेमकं हेच घडतं. उत्तर-दक्षिण चुंबकीय रेषांचे पूर्व-पश्चिम जुडगे तयार होतात आणि ते बळकट होत जातात.

जुडगे सूर्याच्या खोल तळाशी बनतात, की पृष्ठभागाच्या बरेच जवळ? यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण पुढे काय होतं ते स्पष्ट दिसतं. जुडग्यातलं चुंबकत्व आतला थोडा वायू बाहेर ढकलतं, त्यामुळे तो भाग आजूबाजूपेक्षा हलका होतो. तळ्यात पोहताना हवा भरलेली ट्यूब पाण्याखाली दाबून पाहा, कशी उसळी मारून वर येते! तसंच हे जुडगं कमानीसारखं वाकून पृष्ठभाग फोडून बाहेर येतं. कमानीचे दोन पाय पृष्ठभागावर जिथे टेकतात, तिथे दोन डाग पडतात. एक पाय चुंबकाचा उत्तर ध्रुव, दुसरा दक्षिण ध्रुव. म्हणूनच डाग बहुतेक वेळा जोडीनं येतात.

पण काळे का? त्या जागी चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट जोरदार असतं. ते वरणाचं रटरटणंच रोखून धरतं. खालची उष्णता वर पोचत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, तर डागाच्या मध्यभागी साडेतीन ते चार हजार. शेजारच्या लखलखाटापुढे डाग काळा वाटतो इतकंच. तो एकटा काढून रात्रीच्या आकाशात ठेवला, तर पौर्णिमेच्या चंद्राहूनही जास्त चमकेल!

डागांमध्ये चुंबकत्व असतं हे १९०८ साली अमेरिकेच्या जॉर्ज हेल यांनी सिद्ध केलं. आणि १९०९ मध्ये आपल्या कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांना दिसलं, की डागाच्या गडद मध्याभोवती जी फिकट झालर असते, तिच्यातून वायू बाहेरच्या बाजूला वाहत असतो, तोही सेकंदाला एक-दोन किलोमीटरच्या वेगानं. जगभरचे शास्त्रज्ञ याला आजही ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणतात.

सूर्यावरची एसटी

आता एक प्रश्न राहिला. चक्र अकरा वर्षांनी पुन्हा सुरू कसं होतं?

सूर्यावर आणखी एक प्रवाह आहे, विषुववृत्ताकडून दोन्ही ध्रुवांकडे जाणारा. त्याचा वेग सेकंदाला १० ते २० मीटर, म्हणजे आपल्या एसटीइतकाच! पण रस्ता केवढा लांब! विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत जवळजवळ अकरा लाख किलोमीटर. ताशी ५० किलोमीटरनं न थांबता निघालेली एसटी अडीच वर्षांनी पोचेल.

डाग काही दिवसांनी, फार तर काही महिन्यांनी विरतात. पण त्यांचं उरलंसुरलं चुंबकत्व या एसटीत बसून ध्रुवाकडे जातं. डागांच्या जोड्या किंचित तिरक्या असतात. जोडीतला मागचा डाग ध्रुवाच्या जरा जवळ असतो, त्यामुळे ध्रुवावर पोचणाऱ्या चुंबकत्वात त्याचा वाटा जास्त. त्याची जात ध्रुवावर आधी असलेल्या चुंबकत्वाच्या नेमकी उलटी असते. ते जुन्याला पुसून टाकतं आणि नवं बसतं. म्हणजे दर अकरा वर्षांनी सूर्याचे चुंबकीय उत्तर-दक्षिण ध्रुव आपल्या जागा बदलतात! या नव्या उभ्या रेषा पुन्हा पोटाभोवती गुंडाळल्या जातात आणि पुढच्या चक्राचे डाग तयार होतात. मूळ स्थितीला यायला दोन चक्रं, म्हणजे बावीस वर्षं लागतात.

आत शिरून तर कोणी पाहिलं नाही, मग हे सगळं कळलं कसं? बाजारात टरबूज घेताना आई त्यावर टिचकी मारून आवाज ऐकते ना? सूर्यसुद्धा आतल्या उकळण्यामुळे घंटेसारखा सतत थरथरत असतो. पृष्ठभाग साधारण पाच पाच मिनिटांनी खालीवर होतो. या थरथरीवरून आतले प्रवाह कळतात. त्यासाठी सूर्य मावळू न देता पाहावा लागतो. म्हणून जगभरात सहा ठिकाणी सारख्या दुर्बिणी बसवल्या आहेत. त्यांतली एक आपल्या उदयपूरला, फतेहसागर तलावातल्या वेधशाळेची आहे.

दोन भाकितं

२००६ साली अमेरिकेत काम करणाऱ्या मौसुमी दिक्पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाकीत केलं, की पुढचं चक्र (चोविसावं) आधीच्यापेक्षा ३० ते ५० टक्के जोरदार असेल. २००७ मध्ये बंगळुरूच्या अर्णब राय चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरोबर उलटं सांगितलं, की ते सुमारे ३५ टक्के कमजोर असेल. दोघांचं मूळ तत्त्व एकच होतं, प्रवाह चुंबकत्व वाहून नेतो हे. फरक होता तो आतलं चुंबकत्व किती पसरतं, आणि उकळण्याच्या गोंधळात किती नशिबाचा भाग असतो, या हिशोबात.

आणि झालं काय? आधी सूर्य झोपलाच! २००८ साली २६० हून जास्त दिवस त्याच्यावर एकही डाग नव्हता. २२ जुलै २००९ ला सुरतेवरून इंदूर-भोपाळकडे खग्रास ग्रहणाची सावली धावली, तेव्हाही सूर्य असाच शांत होता. पुढे २०१४ मध्ये चक्र शिखराला पोचलं, ते शंभर वर्षांतलं सर्वांत कमजोर चक्र ठरलं. बंगळुरूचं भाकीत खरं झालं. पण दोस्तांनो, चुकलेल्या भाकितानंही शास्त्रज्ञांना पुष्कळ शिकवलं. हिशोब उघडपणे मांडला, म्हणूनच तो तपासता आला.

आपल्याला काय त्याचं?

डागांवरच्या चुंबकीय कमानी कधी कधी पिळवटून तुटतात. मग प्रचंड स्फोट होतो आणि वायूचा लोट अवकाशात फेकला जातो. १ सप्टेंबर १८५९ ला कॅरिंग्टननं असा स्फोट डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांनीही त्या दिवशी एकदम मोठी घसरण नोंदली. त्या जुन्या नोंदवहीवरून हे वादळ किती भयंकर होतं, याचा अंदाज शास्त्रज्ञांनी २००३ साली बांधला! मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा उपकरणांना त्रास होणार, म्हणून हे काम पुढे १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. ती वेधशाळा अजून चालू आहे.

१० आणि ११ मे २०२४ ला पृथ्वीच्या पंधरापट रुंदीच्या डागसमूहातून असेच लोट आले. लडाखमधल्या हानले गावच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. असं वादळ आलं की उपग्रह, विमानांचा रेडिओ, मोबाईलमधला नकाशा, विजेच्या मोठ्या तारा, सगळ्यांनाच धोका असतो. म्हणून तर भारतानं २ सप्टेंबर २०२३ ला ‘आदित्य-एल१’ हे यान सोडलं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून ते सूर्यावर नजर ठेवतं. त्यावरची अतिनील किरणांत सूर्याची छायाचित्रं घेणारी ‘सूट’ नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुकानं तयार केली आहे.

आणि पाऊस? डाग खूप असले काय किंवा एकही नसला काय, सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत फरक पडतो तो हजारात एक भागाएवढा. दीडशे वर्षं आकडे जुळवूनही डागांवरून आपल्याकडच्या पावसाचं भरवशाचं भाकीत करता आलेलं नाही. भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी शोधता शोधता एक वेगळाच धागा पकडला. दूरच्या प्रशांत महासागरावरचा हवेचा दाब आणि आपला मोसमी पाऊस यांचं नातं आहे! आज ‘एल निनो’ हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकता ना, तो याच धाग्याचा. तेव्हा ‘यंदा सूर्यावर डाग फार, पेरणी उशिरा करा’ असं कोणी सांगू लागलं, तर घरच्यांना एवढं नक्की सांगा, की डागांच्या भरवशावर बियाणं पणाला लावू नका. हवामान खात्याचा अंदाज ऐका.

करून पाहा

आधी नियम. सूर्याकडे थेट कधीही पाहायचं नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, यांतलं काहीही चालत नाही. दुर्बिणीतून तर मुळीच नाही! डोळ्याचा आतला पडदा भाजतो आणि भाजताना दुखतसुद्धा नाही. गेलेली नजर परत येत नाही.

एक छोटा आरसा घ्या. त्यावर जाड कागद चिकटवा. कागदाच्या मधोमध आधीच पाच मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा. हा आरसा उन्हात ठेवून कवडसा वर्गातल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. आरसा भिंतीपासून १५ मीटरवर असेल, तर भिंतीवर सुमारे १४ सेंटीमीटरचा गोल दिसेल. तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र! कवडसा कोणाच्या डोळ्यांवर मात्र पाडू नका. एखादा फार मोठा डाग असेल, तर याच गोलात अस्पष्ट ठिपका दिसेल. लहान डागांसाठी शाळेत दुर्बीण असल्यास सरांना किंवा बाईंना तिची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून दाखवायला सांगा.

रोज एकाच वेळी गोल काढून डागाची जागा टिपा. एका कडेला दिसलेला डाग दुसऱ्या कडेला जायला साधारण तेरा-चौदा दिवस लागतील. चालू चक्राचं शिखर २०२४ मध्ये होऊन गेलं. आता डाग हळूहळू कमी होत जातील. श्वाबेसारखी वही घातलीत, तर हा उतार तुमच्याच वहीत उतरेल.

आणि हो, डोक्याला खुराक! आरशावरच्या कागदाला गोल भोकाऐवजी त्रिकोणी भोक पाडा. लांबच्या भिंतीवरचा कवडसा तरीही गोलच का पडतो? विचार करा, करून पाहा आणि कळवा. उत्तर पुढच्या अंकात!